चाकापुढचा दगड

५ ऑक्टोबर १९९७, रविवार

ही डायरी विमा कंपनीची. संपत एजंट दर साली आणून देतो आणि बद्री ती दुकानात टाकून देतो. यंदाची म्या उचलली. नऊ महिने कोरी पडली होती, आणि कोऱ्या कागदाचा मला राग येतो. दुसरीतून बापानं माझं नाव काढलं, पण नातीच्या, शिवकन्याच्या, जुन्या वह्यांवर हात चालवून चालवून अक्षर बसलं. तिच्यापेक्षा बरं आहे. ती कॉलेजात जाते, पण अक्षर कोंबडीनं उकरल्यासारखं.

आज लिहिण्यासारखं एवढंच की सकाळी बद्रीची अन् कडूबाची कुरबुर झाली. बद्री माझा लेक, भोकरदनला बियाण्याचं दुकान. कडूबा जीपचा ड्रायव्हर, सहा वर्षं झाली. जीपचा सेल्फ मेला आहे, म्हणून तो जीप घरासमोर उताराकडं तोंड करून लावतो. सकाळी सोडली की खाली हापशाच्या हौदापर्यंत जाता जाता चालू होते. रात्री पुढच्या चाकाला एक काळा दगड लावतो, पायानं दोनदा ठोकतो आणि मोठ्यानं ओरडतो, "दगड लावला, माय." रोज. मला कशाला सांगतो मुडदा? मी काय दगडाची राखणदार?

तर आज तो म्हणून राह्यला, "भाऊ, हँडब्रेकची तार साफ ढिली झाली. दगडाच्या भरवशावर किती दिवस?" बद्री म्हणाला, "पेरणी होऊ दे." मागच्या पेरणीलाही हेच म्हणाला होता. चालू द्या दोघांचं. मला काय त्याचं.

११ ऑक्टोबर, शनिवार. दसरा

दिवा बारीक करून लिहिते. अक्षर वाकडं येईल.

जीप गेली. आत कुणी न्हाई, चालू न्हाई, आपोआप उतारानं गेली अन् हापशाच्या हौदाला जाऊन धडकली. डावा दिवा फुटला, मडगार्ड आत गेलं, बंपर वाकला. माणूस कुणी लागलं न्हाई. मी तुळशीपाशी होते.

अकबरबी रोज त्याच हौदाच्या कडेला बसून भांडी घासते. पन्नास वर्षांपासूनची माझी शेजारीण. तिची घागर चेपली, ती वाचली. राख आणायला घरात गेली म्हणून वाचली. माझा हात धरून सांगत होती, "दो मिनट पैले उठी मैं, सगुणा. राख लाने कू. पीछू से धडाम!" दहा जणांना सांगितलं तिनं. दर वेळी "दो मिनट" म्हणली की मी तिच्या चेपलेल्या घागरीकडं बघायची.

सकाळी कडूबानं जीप धुतली. चालू न करता उतारानं ढकलत दारासमोर आणली, पूजेसाठी. मंग तो घरी अंघोळीला गेला. म्या आरती केली, झेंडूचा हार घातला, चाकांना लिंबं ठेवली. तो येऊन चालू करणार, चाकाखाली लिंबं चिरडणार, दर साली असंच. मी तुळशीपाशी होते तेव्हा आवाज आला.

बद्री बनियनवरच धावला. पहिला शब्द तोंडातून, "दगड! दगड कुठं हाये?" कडूबा नवा सदरा घालून आला होता. म्हणाला, "म्या लावला होता, भाऊ. दोनदा ठोकला."

"मंग कुठं गेला? उडून?"

सगळ्यांनी नालीत पाहिलं, जीपखाली पाहिलं. दगड न्हाई. बद्री चार लोकांत त्याला नको ते बोलला. संध्याकाळी लोक सोनं द्यायला आले, पण सगळ्यांच्या तोंडी जीपच. कडूबा सोनं द्यायला आला न्हाई. सहा वर्षांत पहिल्यांदा.

मी तुळशीपाशी होते.

१२ ऑक्टोबर

संपत आला. एजंट म्हणून फार चांगला आहे, माणूस म्हणून मला कधी कळला न्हाई. बद्रीला म्हणाला, "भाऊ, जीप जाग्यावरून हलवायची न्हाई. कंपनीचा साहेब येऊन पाहून जाईल, फोटो काढील, मंगच रिपेरी." कंपनीला फोन करून आलाय म्हणे, आता लेखी कळवायचं आहे. फॉर्म इंग्रजी. त्याच्यासोबत ड्रायव्हरचा जबाब मराठीत, तो संपतनं स्वतःच लिहून आणला होता. शिवकन्यानं मला वाचून दाखवला:

"मी, कडूबा, वाहनचालक, दिनांक ११ रोजी वाहन उतारावर उभे करून चाकास दगड लावण्यास विसरलो. त्यामुळे वाहन घसरून नुकसान झाले."

म्या म्हणलं, "परत वाच." तिनं परत वाचलं. परत तेच निघालं.

म्या संपतला विचारलं, "असं लिहावंच लागतं का? जीप आपोआप गेली, असं लिहिलं तर?"

"मावशी, कंपनीत 'आपोआप' चालत न्हाई. साहेबाला कारण लागतं. कुणाची तरी चूक दाखवली की काम जल्दी होतं."

१३ ऑक्टोबर

इथं कोण वाचणार आहे? लिहिते.

पुढच्या डाव्या चाकाला लिंबू ठेवायचं तर तिथं दगड होता. अगदी चाकाला टेकून. लिंबू ठेवायला जागाच न्हाई. तीन चाकांना लिंबू अन् चौथ्याला न्हाई, अशी अर्धवट पूजा आजवर माझ्या हातून झाली न्हाई. म्या दगड ओढला, निघेना. दोन लाथा मारल्या, निघाला. जीप जाग्यावरच होती. थोडी कुरकुरली, पण म्हातारी जीप आहे, कुरकुरणारच. लिंबू ठेवलं. दगडालाही हळदकुंकू लावलं, दसऱ्याला विळ्या-कोयत्याला लावतो तर त्यानं काय घोडं मारलं? मंग हातात उचलून तुळशीपाशी नेऊन ठेवला. पूजा झाली की परत लावू, असं मनात होतं.

मी तुळशीपाशी वाकलेली होते तेव्हा आवाज आला.

दगड अजून तिथंच आहे. तुळशीच्या बुडाशी, कुंकू लावलेला. सगळं घर त्याला शोधून राह्यलं अन् तो सगळ्यांसमोर बसलेला. देवासारखा दिसतो म्हणून कुणी बघत न्हाई.

१४ ऑक्टोबर

कडूबानं सही केली न्हाई.

ओसरीवर उभा होता, चप्पल बाहेर काढून. बद्री म्हणाला, "सही कर, विषय संपला. तुझी नोकरी कुठं जात न्हाई. सही न्हाई केली तर मंग तुझा रस्ता मोकळा." कडूबानं जबाब हातात घेतला, बोट ठेवून ठेवून वाचला. खाली ठेवला.

"म्या दगड लावला होता, भाऊ."

"अरे, कंपनीला दाखवायला फक्त. तुझ्या खिशातून काय जातं?"

"उद्या कुणी इचारलं तर हाच कागद दाखवतील. दगड इसरणारा ड्रायव्हर. गाडी कोण देईल मला?"

संपत हसला, "सही येत न्हाई का रे? अंगठा दे."

"सही येते, म्हणूनच न्हाई करत," कडूबा म्हणाला. जाताना माझ्याकडं बघितलं. "माय, तुम्हाला तर ऐकू आलं असल. म्या ओरडलो होतो."

ऐकू आलं होतं. पूजेचं ताट मांडत होते तेव्हाच आलं होतं. म्या म्हणलं, "चुलीपाशी होते, ध्यान न्हाई."

बद्रीनं त्याच्याकडून किल्ली घेतली. इतक्या लवकर घेतली की जणू वाटच पाहत होता. कशाची, ते मला कळलं न्हाई.

१५ ऑक्टोबर. कोजागिरी

दूध आटवलं. माझा वाटा शिवकन्याला दिला.

सून बेबीनंदा भाबडी आहे हे मला ठाऊकच होतं, पण इतकी? चार दिवस झाले, तुळशीला पाणी घालते अन् उरलेला तांब्या त्या दगडावर ओतते. चाकाचा दगड देव समजून पुजून राह्यली. आज संध्याकाळी बद्री अंगणात टॉर्च घेऊन कोपरे धुंडत होता. तुळशीकडं वळणार, तेवढ्यात हिनं दसऱ्याच्या शिळ्या हारातले झेंडू काढून सगळे दगडावर पसरले. अक्कल न्हाई, पण आज तिच्या बेअकलीनं वाचवलं. मी तिला काही बोलले न्हाई. तिनंही माझ्याकडं बघितलं न्हाई.

१७ ऑक्टोबर

का सांगत न्हाई म्हणून मीच मला विचारते.

थोरल्या जावेचं, चतुराबाईचं, मागच्या साली काय झालं? चुलीवर दूध विसरली, पडदा पेटला. कुणाला काही लागलं न्हाई. तरी त्या दिवसापासून लेकांनी तिच्या हातून काडेपेटी काढली, मंग चाव्या काढल्या, मंग तिला विचारणंच बंद केलं. आता कोपऱ्यात बसते. पाहुणे आले की म्हणतात, "म्हातारीला भ्रम झालाय." तिला काय भ्रम न्हाई झाला. मला भेटली की पन्नास वर्षांपूर्वी माझ्या लग्नात कुणी किती पुरणपोळ्या खाल्ल्या ते सांगते, बराबर.

माझ्या कमरेला कोठीच्या चाव्या आहेत. चाळीस वर्षं आहेत. अन् जीभ आहे. लोणच्याची बरणी फुटली म्हणून बेबीनंदाला म्या पाच वर्षं ऐकवलं. कडूबाला एकदा अर्धा तास उशीर झाला तर महिनाभर ऐकवलं. आता मीच म्हणू का, जीप म्या घालवली? लिंबासाठी?

अकबरबी मेली असती तर? हा विचार आला की लिहिणं थांबतं.

१९ ऑक्टोबर, रविवार

कडूबाची बायको साळूबाई आली. आत आली न्हाई, उंबऱ्याबाहेरच बसली.

"माय, ऊसतोडीला निघालो. मुकादमाची उचल घेतली, आगाऊ पैसे. शुक्रवारी वडापासून ट्रक."

म्या म्हणलं, "ड्रायव्हर माणूस कोयता धरतो का?"

"गाडी कोण देतंय? तालुक्याला दोघांकडं गेल्ते. बद्रीभाऊनं आधीच सांगून ठेवलं, दगड लावत न्हाई हा."

मंग उठली. निघताना म्हणाली, "एक सांगा माय. त्यो रातीचा उठून बसतो. म्हणतो, साळू, म्या लावला होता ना? आता त्याला बी वाटाया लागलं, लावला नसल. तुम्ही घरात होत्या. तुम्हाला काय वाटतं?"

म्या तिला पायलीभर ज्वारी दिली. न विचारता. ती घेऊन गेली. ज्वारी दिल्यावर मला जास्तच वाईट वाटलं. तिनं काय विचारलं अन् म्या काय दिलं.

२१ ऑक्टोबर

आज सांगायचंच म्हणून बद्री जेवताना समोर बसले. म्हणलं, "बद्री, ते दगडाचं."

तो घास तसाच धरून म्हणाला, "आई, त्याचं नाव काढू नको. मला तोंड दाखवायला जागा ठेवली न्हाई त्यानं. लोक विचारतात, हँडब्रेक न्हवता का? मी काय सांगू?"

"काय सांगतोस?"

"सांगतो, ड्रायव्हर निष्काळजी."

त्याचा आवाज चढला. एवढं चिडायला काय झालं कुणास ठाऊक. हँडब्रेकचं तर कडूबानंच त्याला सांगितलं होतं, मला आठवतं, इथं मागं लिहूनही ठेवलंय. मागचं पान उघडून वाचलं. पाच तारखेलाच लिहिलंय.

पण जेवताना त्याला काही सांगितलं न्हाई. बेबीनंदा माझ्या ताटात भाकरी वाढत होती, तिनं एक जास्तीची वाढली. म्या मागितली नव्हती.

२३ ऑक्टोबर

हरभऱ्याची पेरणी चालू, बियाणं दुकानात पडून, जीप हौदाला नाक लावून उभी. गावातली पोरं फुटलेल्या दिव्यात हात घालून राह्यली. बद्री येता-जाता ट्रॅक्टरवाल्यांच्या पाया पडतो. कंपनीचा साहेब उद्या सकाळी येणार. उद्याच शुक्रवार. वडापासून ट्रक उद्याच.

संपत सांगून गेला, "ड्रायव्हरचं इचारलं तर पळून गेला म्हणायचं. भाऊ, तुम्ही फक्त मान हलवा."

कंपनीनं या पानाच्या खाली एक सुविचार छापला आहे, सावध राहा, सुखी राहा. ज्यानं छापला त्याच्याकडं जीप नसणार.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

आता दिवस बुडाला. सकाळपासूनचं लिहिते, एकही शब्द गाळणार न्हाई.

साहेब मोटारसायकलवर आला. बारका माणूस, गळ्यात कॅमेरा. चहा म्हणलं तर "आधी काम." जीपभोवती तीन फेऱ्या मारल्या, फोटो काढले. मंग पुढच्या डाव्या चाकापाशी उकिडवा बसला अन् टायरच्या खाचेतून पेनानं काहीतरी उकरून काढलं. वाळलेली साल, तिला चिकटलेली एक बी. वास घेतला.

"हे काय?"

बद्री हसला. "लिंबू, साहेब. दसऱ्याची पूजा. चाकाला लावून ठेवतात, गाडी चालू करून चिरडायचं."

"गाडी चालू कुणी केली?"

"कुणीच न्हाई. त्याआधीच घसरली."

"म्हणजे चाकाला लिंबू होतं. दगड कुठं होता?"

"तेच तर. ड्रायव्हरनं लावलाच नव्हता."

साहेबानं उताराकडं पाहिलं, चाकाकडं पाहिलं. "हँडब्रेक ढिला, गाडी गिअरमध्ये नाही, दगड नाही, अन् पूजा होऊन चारही लिंबं ठेवेपर्यंत गाडी या उतारावर थांबून राहिली?"

बद्रीनं डोकं खाजवलं. संपत म्हणाला, "देवाची कृपा, साहेब."

"ड्रायव्हरला बोलवा. त्याचा जबाब लागेल."

"पळाला," संपत म्हणाला. बद्रीनं मान हलवली.

"पळाला असं लिहू? विचार करून सांगा. ड्रायव्हर फरार म्हणलं की प्रकरण माझ्याकडून वर जातं, अन् पुढं पोलिसही विचारू शकतात."

"लिहा," बद्री म्हणाला. हळूच म्हणाला, पण म्हणाला.

साहेबाचं पेन कागदाला टेकलं. मी ओसरीवर होते. वडापाशी ट्रकचा हॉर्न वाजला, लोक गोळा करायला वाजवतात तसा. मला वाटलं गप बसावं. खरंच वाटलं. आजवर लिहिलं तर हेही लिहिते.

मंग तोंडातून निघालं, "थांबा, साहेब. तो पळाला न्हाई. तिकडं वडाखाली ट्रकात बोचकं चढवून राह्यला. दगड त्यानं लावला होता. म्या काढला. दोन लाथा मारून."

बद्री वळला. "आई, काय बोलून राह्यली?"

"लिंबाला जागा नव्हती."

कुणी हसलं न्हाई. बद्री साहेबाजवळ गेला अन् आवाज खाली करून म्हणाला, मला ऐकू यावं न यावं असा, "साहेब, तिचं वय झालं. हल्ली तिला काही काही होतं. तिच्या बोलण्यावर..."

जे व्हायचं भेव होतं ते झालं. आता मला कोपरा, आता चतुराबाईशेजारी मी. साहेब माझ्याकडं दया आल्यासारखं बघत होता. त्या नजरेनं मला राग आला अन् रागानं जीव आला. म्हणलं, "दगड दाखवते." उठले अन् अंगणाकडं वळले, तर बेबीनंदा आधीच दारात उभी. पदराखाली दगड. झेंडू अजून चिकटलेले.

साहेबाच्या पुढं तिनं तो ठेवला. म्हणाली, "दसऱ्यापासून तुळशीपाशी हाये." एवढंच. बद्रीकडं बघितलं न्हाई, माझ्याकडंही न्हाई.

तिला कसं कळलं कोण जाणे. स्वयंपाकघराची खिडकी दारासमोर उघडते हे खरं आहे.

साहेबानं दगड उलटा केला. एका अंगाला कुंकू, दुसऱ्या अंगाला टायर घासल्याचा काळा डाग, आणि त्यात चाकाच्या नक्षीचा ठसा. चाकापाशी नेऊन धरला. बराबर बसला. मंग म्हणाला, "आजी, हे लिहून द्यावं लागेल."

"लिहिते. भ्रम झालेली बाई लिहिते का कसं, बघून घ्या."

त्यानं दोन कागदांमध्ये निळा कार्बन कागद घातला. म्या लिहिलं. लिंबू, लाथा, तुळस, सगळं लिहिलं. शेवटी लिहिलं, "कडूबाने दगड लावला होता व तसे मोठ्याने सांगितले होते. ते मी ऐकले होते." खाली नाव, सगुणाबाई. साहेबानं वाचलं, टोपण लावलं अन् म्हणाला, "एवढंच होतं तर पहिल्या दिवशी सांगायचं, आजी. उभी गाडी घसरली तरी विमा असतो. चूक चालते. खोटं चालत नाही." संपतनं चपलेनं माती सारखी केली.

बद्री म्हणाला, "दोन आठवडे! आई, दोन आठवडे तू गप होतीस?"

म्या म्हणलं, "अन् तुझी तार किती महिने?"

त्यानं जीपकडं पाठ केली. मलाही आजपर्यंत ते इतकं सरळ दिसलं नव्हतं. त्याला सही घाईनं का हवी होती, किल्ली घाईनं का घेतली. आम्ही दोघंही एकाच माणसाच्या मागं लपलो होतो.

खालची निळी प्रत साहेबाकडून मागून घेतली अन् वडाकडं निघाले. बेबीनंदाला बोलावलं न्हाई, मागून आली.

ट्रक भरला होता. भांडी, बोचकी, कोंबड्या, वर माणसं. कडूबा फळीला टेकून उभा. म्या कागद वर केला. "वाच."

त्यानं बोट ठेवून वाचला. परत वाचला. खाली दिला तेव्हा साळूबाईनं त्याच्या हातातून घेतला, तिला वाचता येत न्हाई, तरी बराच वेळ बघत राह्यली. मंग म्हणाली, "म्या उंबऱ्यात येऊन इचारलं होतं, माय. तवा का न्हाई सांगितलं?"

"भ्याले," म्या म्हणलं. दुसरं काही सुचलं न्हाई अन् दुसरं काही खरंही नव्हतं.

कडूबाला म्हणलं, "उतर खाली. उचल बद्री भरील, न्हाई भरली तर मी भरते."

"मुकादमाला जबान दिली, माय. आमची नवरा-बायकोची जोडी मोजून त्यानं टोळी भरली. गुढीपाडव्याला येतो." कागद त्यानं चार घड्या करून लायसनच्या पाकिटात घातला. "हे राहू द्या माझ्याजवळ. तोंडी कुणी गाडी देत न्हाई."

माफ केलं असं काही तो म्हणाला न्हाई. मी विचारलंही न्हाई. ट्रक हलला तेव्हा वरून ओरडला, "तवर दगड कोण लावील?"

म्या नुसता हात वर केला. ट्रक वळणाआड गेला तरी तिथंच उभी होते. बेबीनंदा म्हणाली, "चला आत्याबाई, ऊन झालं."

२५ ऑक्टोबर

गावभर झालं. अकबरबी सकाळीच कमरेवर हात ठेवून दारात. "तेरे लिंबू के वास्ते मेरेकू उप्पर भेज रई थी क्या गे?"

म्हणलं, "तू गेली असती तर माझं डोकं कुणी खाल्लं असतं?"

"मेरी घागर दे."

तांब्याची मागत होती, पितळेची दिली. घासाघीस करून घेऊन गेली. दारात जाऊन परत आली अन् माझ्या डोक्यावरून हात फिरवून गेली. तोंडानं मात्र म्हणाली, "पितल भी पुराना है."

दुपारी कमरेच्या चाव्या काढून बेबीनंदासमोर ठेवल्या. म्हणलं, "घे. आजपासून तू." तिनं बघितलं अन् पीठ मळत राह्यली. चाव्या तिथंच पडल्या. तिसऱ्या प्रहरी डाळ लागली तेव्हा कोठी उघडायला मलाच उठावं लागलं. चाव्या परत कमरेला लावल्या. लोणच्याच्या बरणीचं आता कधी काढणार न्हाई, असं मनात ठरवलं. तिला सांगितलं न्हाई. सांगितलं तर चढून बसेल.

३० ऑक्टोबर. लक्ष्मीपूजन

कडूबाच्या घराला कुलूप. दाराशी एक पणती ठेवून आले. वाऱ्यानं लगेच विझली. परत लावली न्हाई.

६ नोव्हेंबर

जीप आली. भोकरदनच्या लालमियाँनं मडगार्ड ठोकून सरळ केलं, नवा दिवा बसवला. सोडायला स्वतः आला होता. मला म्हणाला, "बडी बी, हँडब्रेक की तार भी बदल दिया. शेठ बोले थे." बद्रीनं मला हे सांगितलं न्हाई. मीही त्याला मला कळलं असं दाखवलं न्हाई.

आता बद्री स्वतः चालवतो, हळू चालवतो. नवा ड्रायव्हर ठेवला न्हाई. कुणी विचारलं की म्हणतो, "आहे आमचा, गुढीपाडव्याला येतो."

रात्री जीप उताराकडं तोंड करून उभी राह्यली. तार नवी आहे, तरी मी तुळशीपासून दगड उचलला. जड आहे, दोनदा टेकवावा लागला. कुंकू पुसलं न्हाई. पुढच्या डाव्या चाकाला लावला, पायानं दोनदा ठोकला. घराकडं तोंड करून ओरडले, "दगड लावला!"

आतून बेबीनंदा म्हणाली, "ऐकलं, आत्याबाई."

७ नोव्हेंबर

दगड लावला.

८ नोव्हेंबर

दगड लावला. पाय दुखून राह्यला.

९ नोव्हेंबर

दगड लावला. बेबीनंदानं ऐकलं. लिहून ठेवते, तोंडी काही खरं न्हाई.